शंभर जागा, एक फॉर्म आणि बाहेर राहिलेली नऊ मुलं

प्रश्न : मी बडोद्यातल्या एका लहानशा नेमबाजी क्लबची सहसचिव आहे. आमच्या बंदिस्त रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या 10 लेन आहेत. दिवाळीनंतर आम्ही दोन दिवसांची खुली 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल स्पर्धा घेतो. दिवसाला पाच डिटेल (डिटेल म्हणजे एका वेळी नेमबाजी करणारी दहा जणांची तुकडी), म्हणजे एकूण 100 जागा. यंदा नवरात्रात एका रात्री 9 वाजता एन्ट्रीचा ऑनलाइन फॉर्म उघडला आणि साडेनवाच्या आत बंद करावा लागला. एका अकादमीच्या सरांनी मुलांची माहिती आधीच तयार ठेवली होती. त्यांच्या एकट्यांच्या 38 एन्ट्र्या लागल्या. वाघोडिया रोडकडच्या एका शाळेत आमच्याच क्लबचे दोन जुने नेमबाज दर शनिवारी मुलांना शिकवायला जातात. तिथली नऊ मुलं वर्षभर तयारी करत होती. त्यांच्या बाईंना लिंक दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, त्यामुळे एकालाही जागा नाही. माझी भाची मात्र यादीत आहे, कारण फॉर्म किती वाजता उघडणार हे फक्त क्लबच्या ग्रुपवर आलं होतं आणि मी तिला सांगितलं. कमिटीत कोणी म्हणतं, जो आधी आला त्याला जागा, यात गैर काय? कोणी म्हणतं, स्कोअर बघून घ्या. कोणी म्हणतं, चिठ्ठ्या टाका. पुढच्या वर्षीचे नियम लिहून आणायचं काम अध्यक्षांनी माझ्या गळ्यात घातलंय. यंदा त्या मुलांचं काय करू? आणि भाचीचं नाव काढून टाकू का?
— एक सहसचिव, बडोदा

उत्तर :

ताई, नमस्कार.

‘आधी येईल त्याला जागा’ हा नियम पुढच्या वर्षापासून बंद करा. तुमच्या कमिटीत ज्यांना त्यात काही गैर वाटत नाही, त्यांच्यासाठी मी आधी त्याची कारणं मांडते.

फॉर्म आधी भरणाऱ्याला जागा मिळते तेव्हा आपण नेमकं काय मोजतो ते बघा. वेळ कोणाला माहीत होती, त्या घडीला मोबाइल कोणाच्या हातात होता, तीस-चाळीस मुलांच्या जन्मतारखा आणि फोटो एका फाइलमध्ये गोळा करून ठेवणारा माणूस कोणाकडे होता. यातल्या एकाही गोष्टीचा नेमबाजीशी संबंध नाही. नवरात्रात रात्री 9 वाजता अर्धं बडोदं गरब्याच्या मैदानाकडे निघालेलं असतं. ज्यांना वेळ कळली होती ते थांबले. ज्यांना कळलीच नव्हती त्यांनी कशासाठी थांबायचं? त्या बाईंनी हलगर्जीपणा केला असं कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

अकादमीच्या सरांवरही राग धरू नका. त्यांनी तुमचाच नियम पाळला आणि आपल्या मुलांसाठी तयारीनिशी बसले. चांगला प्रशिक्षक हेच करणार. एका माणसाच्या हातात 38 जागा जाऊ शकतात, ही वाट नियमानेच उघडी ठेवली होती.

क्लबचीच तर स्पर्धा, एवढा जीव का लावायचा, असंही कोणी म्हणेल. म्हणून स्पर्धेत मुलाला काय मिळतं ते थोडं सविस्तर सांगते. शनिवारच्या सरावात मूल दहा-दहा शॉटच्या सीरिज मारतं. मन लागलं नाही तर रायफल खाली ठेवतं, पाणी पितं, सरांशी चार शब्द बोलतं. स्पर्धेत पंधरा मिनिटं तयारीची आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवायच्या बिनगुणांच्या शॉटची, मग रेंज ऑफिसरची ‘स्टार्ट’ची हाक, आणि त्यानंतर 60 शॉटसाठी 75 मिनिटं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्याच्यावर मारायची पेलेट साडेचार मिलिमीटरची. सरावात हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. पण गुण धरला जाणाऱ्या पहिल्या शॉटच्या आधी छातीतली धडधड थेट नळीच्या टोकावरच्या साइटपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या खुणेपर्यंत पोचते. साइट टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर ठरत नाही, बोट ट्रिगरवर अडकून बसतं, आणि शेजारच्या लेनवरच्याचे तोवर चार शॉट झालेले असतात. अशा वेळी शॉट न मारता रायफल खाली घ्यायची, श्वास सोडायचा आणि पुन्हा उचलायची, हे धाडस घरी भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता सराव, करून येत नाही. ते स्पर्धेतच येतं, आणि बहुतेकांना पहिल्या स्पर्धेत येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हळूहळू जमतं.

म्हणून मी एन्ट्रीला प्रशिक्षणाचाच भाग मानते. ज्या मुलाला वर्षात एकही खुली स्पर्धा मिळत नाही ते मागे राहतं, आणि पुढच्या वर्षी ‘याचा स्कोअर कमी आहे’ म्हणून आपणच त्याला पुन्हा बाहेर ठेवतो.

इथे स्कोअरवाल्यांचा मुद्दा येतो. तो मी हलका मानत नाही. वरच्या पायऱ्यांवर किमान पात्रता गुण असतात आणि असायलाच हवेत. राष्ट्रीय स्पर्धेत कोणी यावं हे चिठ्ठी टाकून ठरवता येणार नाही. पण पायऱ्या असतात त्या कशासाठी? आपल्या देशात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना 1951 मध्ये उभी राहिली. तिचे संस्थापक अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, जे 1952 मध्ये लोकसभेचे पहिले सभापती झाले. हा मराठी माणूस जन्मला बडोद्यात. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी म्हणून देशभरातले नेमबाज वर्षानुवर्षं जी स्पर्धा खेळत आले, तिला मावळंकरांचंच नाव आहे. अजून अव्वल न झालेल्यालाही खेळायला जागा असावी, म्हणूनच अशी आधीची पायरी ठेवावी लागते. तुमची क्लबची स्पर्धा ही त्याहून कितीतरी खालची, अगदी उंबरठ्याजवळची पायरी. तिथेही फक्त स्कोअर लावलात तर नवीन मुलाने पहिला स्कोअर आणायचा कुठून?

शिवाय स्कोअर म्हणजे कोणता स्कोअर? एअर रायफलमध्ये आता दशांशात गुण मोजतात, एका शॉटला 10.9 पर्यंत, म्हणजे 60 शॉटचे जास्तीत जास्त 654. पूर्ण आकड्यांत मोजलं तर जास्तीत जास्त 600. एकाने फॉर्मवर 605 लिहिलं आणि दुसऱ्याने 585, तर दुसरा कच्चा ठरत नाही. त्याने कदाचित दशांश सोडून लिहिलं असेल. कागदी टार्गेटवर स्वतःच मोजलेला सरावाचा स्कोअर कोणी तपासायचा, हा आणखी वेगळा प्रश्न. त्यामुळे स्कोअरवर काही जागा ठेवायच्या असतील तर कुठल्यातरी स्पर्धेच्या छापील निकालातलाच स्कोअर धरा, आणि दशांश की पूर्ण आकडे हे फॉर्मवर विचारा.

आता एका क्लबला किती जागा, याबद्दल. अकादमीवाले म्हणतील, आमची मुलं चांगली आहेत, मर्यादा कशाला? त्यांना ऑलिंपिकचा नियम सांगा. तिथे वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोनच नेमबाज उतरतात. एखाद्या देशाचा तिसरा नेमबाज जगात पहिल्या दहांत असला तरी तो घरी बसतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेनेही गुणवत्तेसोबत व्याप्ती सांभाळली आहे. आणि नियम आधी लिहिलेला असला की काय होतं, हे आपण जवळून पाहिलंय. 2022 मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोच्या जागतिक स्पर्धेत 10 मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकून देशाला पॅरिस ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे एक जागा, मिळवून दिला. पण कोटा देशाचा असतो, नेमबाजाचा नसतो. निवड चाचण्यांतून संदीप सिंग आणि अर्जुन बबुता पॅरिसला गेले, रुद्रांक्ष राहिला. तेव्हा पुष्कळांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण निवड चाचण्यांवर होणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. तुमच्या यंदाच्या यादीबद्दल हे म्हणता येत नाही, आणि माझ्या मते खरी सल तिथे आहे.

तर पुढच्या वर्षीसाठी मी काय लिहीन ते सांगते. आकडे माझे आहेत. तुम्ही कमिटीत बसून बदला.

आधी जागा वाढतात का ते बघा. तुमच्या एका डिटेलला 15 अधिक 75 म्हणजे दीड तास लागतो, वर लेन बदलायला वीस मिनिटं. आता नवोदितांसाठी 40 शॉटची स्पर्धा ठेवली तर? 40 शॉट म्हणजे काही कमी दर्जाचं नाही. 2018 मध्ये महिलांच्या 10 मीटर स्पर्धा 60 शॉटच्या झाल्या, त्याआधी त्या 40 शॉटच्याच होत्या आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 50 मिनिटांत व्हायच्या. दिवसातल्या पाचपैकी दोन डिटेल 40 शॉटच्या केल्या की 50 मिनिटं वाचतात. त्यात तासाभराची भर घातली की सहावी डिटेल बसते. दोन दिवसांत वीस जागा नव्याने मिळाल्या, एकही लेन न बांधता.

मग या 120 जागांतल्या तीसेक स्कोअरवर ठेवा, निकाल बघून. वीस जागा ज्यांनी आजवर एकही खुली स्पर्धा खेळलेली नाही त्यांच्यासाठी. चार-पाच जागा, जे क्लबचे सदस्य दिवसभर रेंज ऑफिसर म्हणून किंवा निकालाच्या टेबलावर राबणार आहेत त्यांच्यासाठी. पण त्या जागा किती आणि कोणाला, हे नोटिशीत छापलेलं हवं. जो राबतो त्याला एक जागा देण्यात काही वाईट नाही, ती गुपचूप दिली तर वाईट. उरलेल्या सगळ्या सोडतीने. एका क्लबच्या किंवा अकादमीच्या सगळ्या मिळून पंधराच्या वर नकोत. वेटिंग लिस्ट संपूनही जागा उरल्या तरच मर्यादा उठवायची. आणि एकच नेमबाज रायफल आणि पिस्तूल दोन्हींत नाव देत असेल तर दुसरी एन्ट्री सगळ्यांना पहिली मिळाल्यावर. हे पोटकलम लहान दिसतं, पण दोन्ही प्रकार खेळणारे पंधरा जण असले तर पंधरा जागा त्यातच जातात.

फॉर्म आठ दिवस उघडा ठेवा. पहिल्या मिनिटाला भरला काय नि शेवटच्या दिवशी भरला काय, फरक पडणार नाही, हे फॉर्मच्या वरच मोठ्या अक्षरांत लिहा. सोडत रेंजवर, रविवारी सकाळी, ज्याला यायचं त्याच्यासमोर. शाळाप्रवेशाच्या 25 टक्के आरटीई जागांची सोडत पालकांना माहीत आहे, त्यामुळे कोणाला नवल वाटणार नाही. एक काळजी घ्या : जागा भरल्या की थांबू नका, शेवटच्या चिठ्ठीपर्यंत सगळी नावं काढा. पुढची नावं ज्या क्रमाने निघतील तीच तुमची वेटिंग लिस्ट, आणि ती त्याच दिवशी फलकावर आणि ग्रुपवर लावा. पुढे कोणी गळालं तर पुढचा कोण, हे तुम्हाला कोणाच्या फोनवरून ठरवावं लागणार नाही.

इथली एक पळवाट बुजवाच. मिळालेली जागा दुसऱ्याला देता येणार नाही. ती वेटिंग लिस्टलाच जाईल. ही अट नसली तर काही जण न येणाऱ्यांचीही नावं टाकून जागा अडवतात आणि आयत्या वेळी आपल्यातलाच कोणीतरी उभा करतात. स्पर्धेच्या आठ दिवस आधीपर्यंत माघार घेतली तर फी पूर्ण परत, नंतर नाही, आणि न कळवता जो आलाच नाही त्याचं नाव पुढच्या सोडतीत नाही. आजारपण, परीक्षा असेल तर एक फोन पुरे. रिकामी लेन बघून मला फार वाईट वाटतं, कारण ती जागा न मिळालेलं मूल त्या वेळी घरी असतं. आणि यंदा जे बाहेर राहिले त्यांच्या नावाच्या पुढच्या वर्षी दोन चिठ्ठ्या टाका.

नोटीस गुजराती, मराठी आणि हिंदी, तिन्हींत काढा. क्लबच्या ग्रुपवर टाकण्याआधी शाळांना आणि दुसऱ्या क्लबांना पाठवा, निदान त्याच क्षणी तरी पाठवा.

आता यंदाचं. यादी रद्द करू नका. शंभर जणांनी जाहीर केलेल्या पद्धतीने फी भरली आहे, काहींनी तिकिटं काढली असतील. त्यांच्यावर दुसरा अन्याय करून पहिला भरून निघत नाही. त्याऐवजी दोन्ही संध्याकाळी एकेक सहावी डिटेल वाढवा, 40 शॉटची. सकाळी 8 ला सुरू केलंत, जेवायला पाऊण तास सोडलात, तर पाचवी डिटेल साडेपाचच्या सुमाराला संपते. त्यानंतर वीस मिनिटांनी सहावी सुरू केली तर सातपर्यंत सगळं आटोपतं. रेंज बंदिस्त आहे, उजेडाची अडचण नाही. दोन रेंज ऑफिसर जास्त वेळ थांबायला तयार हवेत, एवढंच. त्यांना आजच विचारा.

मात्र ही डिटेल ‘अमक्या शाळेच्या मुलांसाठी’ म्हणून जाहीर करू नका. बाहेर राहिलेले आणखीही असतील, ते विचारतील की याच नऊ जणांवर मेहेरबानी का, आणि त्यांचं विचारणं बरोबर असेल. ‘ज्यांनी आजवर खुली स्पर्धा खेळलेली नाही आणि ज्यांना यंदा जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी वीस जागा’ असं लिहा. वीसपेक्षा जास्त नावं आली तर तिथल्या तिथे चिठ्ठ्या टाका. त्यात नऊपैकी दोघं-तिघं राहूही शकतात, हे बाईंना आधीच स्पष्ट सांगून ठेवा. फी बाकीच्यांइतकीच घ्या. कोणाला परवडत नसेल तर क्लबने ती भरावी, पण त्याची जाहीर वाच्यता नको. निकाल वेगळा लावा आणि बक्षीस समारंभ बाकीच्यांसोबतच करा. ही मुलं संध्याकाळी उशिरा येऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रमाणपत्र घेऊन जाताहेत असं होऊ देऊ नका.

अकादमीच्या सरांना फोन करून इतकंच विचारा की 38 पैकी नक्की येणारे किती, आणि एक तारीख द्या. एवढ्या मोठ्या यादीत परीक्षा, लग्नकार्य असलेली चार-सहा मुलं निघतातच. त्या जागा मोकळ्या झाल्या तर त्यांचीही चिठ्ठीच टाका.

आता भाची. तिचं नाव काढू नका. तुमची बोच मला कळते आणि ती असणं चांगलंच आहे. पण वेळ ग्रुपवर आली होती, म्हणजे ती सगळ्या सदस्यांना माहीत होती. यादीत सदस्यांच्या घरची मुलं आणखीही असणार. एकट्या भाचीचं नाव काढलंत तर तुमचं मन हलकं होईल आणि बाकी सगळं आहे तसंच राहील. शिवाय त्या मुलीने काय चूक केली? मावशीने सांगितलं, तिने फॉर्म भरला. त्यापेक्षा कमिटीच्या बैठकीत सांगा की वेळेची माहिती फक्त आपल्या ग्रुपवर होती, त्यामुळे सदस्यांच्या नात्यातल्या इतक्या जणांना जागा मिळाली, त्यात माझी भाचीही आहे. आकडा मोजून न्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. बैठकीत थोडा वेळ अवघड जाईल. पण पुढच्या वर्षीचे नियम तुम्ही मांडणार आहात, आणि हे आधी बोललात तर कोणी तुमच्यावर बोट ठेवू शकणार नाही. सोडतीच्या दिवशी मात्र चिठ्ठ्यांना हात लावू नका, ते काम दुसऱ्या कोणाकडे द्या. भाचीला हे सगळं समजावून सांगा. ती पहिल्या दिवशी खेळून मोकळी झाली की संध्याकाळी नव्या मुलांच्या डिटेलला मदतीला थांबेल का, एवढं विचारून बघा, जबरदस्ती नको.

एक गोष्ट अशा वेळी हमखास विसरली जाते. शाळेतल्या नऊ मुलांकडे नऊ रायफली नसणार. दोन किंवा तीन असतील आणि शनिवारी मुलं त्या आळीपाळीने वापरत असतील. एका डिटेलमध्ये नऊ मुलं उभी करायची तर उरलेल्या रायफली क्लबला द्याव्या लागतील, आणि ओपन साइटवर (उघड्या खाचेतून नेम) शिकलेल्या मुलाच्या हातात आयत्या वेळी पीप साइटची (बारीक छिद्रातून नेम) रायफल देऊन चालणार नाही. दस्त्याची लांबी, गालाची टेकण मुलाच्या अंगाप्रमाणे लावून, त्याच रायफलीवर निदान दोन शनिवार सराव व्हायला हवा. क्लबच्या रायफली पुरत नसतील तर मुलं दोन संध्याकाळींत वाटून घ्या. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवरही ‘रायफल स्वतःची की सामायिक, आणि कोणाबरोबर’ हा रकाना ठेवा, म्हणजे एकाच रायफलीवर खेळणारी भावंडं एका डिटेलमध्ये येणार नाहीत.

म्हणून कमिटीच्या बैठकीची वाट न बघता बाईंना आज फोन करा. जागेचं वचन देऊ नका, फक्त विचारा की मुलं ओपन साइटवर खेळतात की पीपवर, रायफली किती आहेत, आणि डावखुरं कोणी आहे का. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असेल, तेव्हा सरावाचे शनिवार हातात किती उरतात तेही त्यांच्याकडूनच कळेल.